वाचक विचारतात : चरबीच्या पेशी कोणाचं ऐकतात?

चरबीच्या पेशींवरच्या रिसेप्टरांविषयी मागच्या अंकात लेख आला आणि मुंबई-ठाण्याकडून बरीच पत्रं आली. लेख ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात : चरबीची पेशी स्वतःहून काही ठरवत नाही. साठव, सोड, फूग, थांब हे सगळे हुकूम तिला रक्तातून येतात आणि ते पकडणारी प्रथिनं म्हणजे रिसेप्टर. इन्सुलिनचा रिसेप्टर ‘साठव’ म्हणतो. अॅड्रेनॅलिनचे बीटा रिसेप्टर ‘सोड’ म्हणतात, अल्फा-२ रिसेप्टर त्यांनाच आवर घालतात. स्टिरॉइड आणि इस्ट्रोजेन यांचे रिसेप्टर आणि पीपीएआर-गॅमा नावाचा रिसेप्टर पेशीच्या आत बसून थेट जनुकांना हात घालतात. निवडक पत्रं आणि उत्तरं पुढे देत आहोत.

वय ४१, उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो. सगळे मला सडपातळ म्हणतात. पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, उपाशीपोटी साखर १०८ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. बायकोचं वजन ७६ आहे, तिचे रिपोर्ट साफ. हे कसं काय? — एक वाचक, दादर

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे बसली आहे, हा इथला खरा मुद्दा. बायकांच्या मांड्या-नितंबांवरच्या चरबीत अल्फा-२ रिसेप्टर भरपूर असतात. तिथे गेलेली चरबी सहजासहजी रक्तात परत येत नाही. दिसायला नको वाटते, पण यकृताच्या दृष्टीने ती जागेवर असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती बसणारी चरबी मात्र चंचल. तिच्यावर अॅड्रेनॅलिनचा हुकूम जोरात चालतो, इन्सुलिनचा ‘थांब’ मात्र ती नीट ऐकत नाही, आणि तिचं रक्त पोर्टल शिरेतून सरळ यकृतात जातं.

जेवल्यावर इन्सुलिन थोडं वाढलं तरी निरोगी चरबीपेशी फॅटी आम्लं सोडणं बंद करते. पेशी क्षमतेपलीकडे फुगली की हेच बिघडतं. रिसेप्टर पृष्ठभागावर असतो, इन्सुलिन येऊन त्याला चिकटतंही. पण पुढे आत जाणारी साखळी अडते. बहुतेकांत बिघाड रिसेप्टरच्या पुढच्या टप्प्यात असतो आणि त्यात भर म्हणजे इन्सुलिन सतत चढं राहिलं की रिसेप्टरांची संख्याही घटते. मग भरल्या पोटीही फॅटी आम्लं रक्तात गळत राहतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड बनवून बाहेर पाठवतं, जमत नाही तेवढी स्वतःत ठेवतं. तुमच्या रिपोर्टमधल्या तिन्ही गोष्टी एकाच गळतीच्या आहेत. मुंबईच्या घरात माळा लहान असला की सामान पॅसेजमध्ये येतं, तसं हे आहे : तुमचा माळा, म्हणजे कातडीखाली चरबी ठेवायची जागा, जन्मापासून लहान.

‘जन्मापासून’ हे उगाच म्हटलेलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या परिसरातल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, तरीही चरबीच्या बाबतीत आपली बाळं त्या मानाने मागे नव्हती, कमी होते ते स्नायू. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन यडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) नेमका २२.३, पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तुमचा बीएमआय २३.५ येतो, तेव्हा ‘सडपातळ’ हे प्रमाणपत्र आजच परत करा.

आता कामाचं. पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पॅन्ट आपण पोटाच्या खाली बांधतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून झाल्यावर टेप लावा. पोट आत ओढू नका. पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही आपली मर्यादा. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमच्यासाठी ८५.

वजन साडेतीन किलोने, म्हणजे पाच टक्क्यांनी उतरलं तरी यकृतातली चरबी दिसण्याइतकी घटते. पोटातली आणि यकृतातली चरबी आधी निघते, गालावरची नाही, त्यामुळे आरशात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका. ऑफिसात दिवसाला पाच कटिंग आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर चहातूनच सुमारे ४० ग्रॅम साखर जाते. सुरुवात तिथून करा. फळांचा रस बंद, फळ चालेल. दारू घेत असाल तर ट्रायग्लिसराइडचा आकडा तिच्यामुळेच फुगलेला असण्याची शक्यता मोठी. दुपारी आणि रात्री जेवल्यावर १५ मिनिटं चाला : आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो, रिसेप्टर रुसला असला तरी ही वाट उघडी असते. आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम हवाच, कारण आपल्याकडे कमतरता स्नायूंची आहे. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड, उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) परत करा. वय, एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची एन्झाइमं आणि प्लेटलेट यांवरून काढायचा फिब-४ हा आकडा डॉक्टरांकडून मांडून घ्या. तो १.३ च्या खाली असेल तर यकृत कडक, व्रणांनी भरलेलं (फायब्रोसिस) होण्याची भीती सध्या कमी.

बायकोलाही कंबर मोजायला सांगा. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन उतरलं की नवी चरबी मांडीऐवजी पोटाकडे वळते, आणि आजचे साफ रिपोर्ट तेव्हा साफ राहतीलच असं नाही.

पोटावरची चरबी लायपोसक्शनने काढली तर डायबिटीस टळेल का? क्लिनिकमध्ये तसं सांगितलं. — एक वाचक, बोरिवली

नाही. लायपोसक्शन कातडीखालची चरबी काढतं, आतड्यांभोवतालच्या चरबीपर्यंत नळी जात नाही. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात लठ्ठ बायकांच्या अंगातून सुमारे दहा किलो चरबी काढली, तरी १० ते १२ आठवड्यांनी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे. शरीराचा आकार बदलायचा असेल तर त्यासाठी करा. डायबिटीसच्या नावाने पैसे मोजू नका. उलटं उदाहरण याहून बोलकं आहे. लायपोडिस्ट्रोफी नावाच्या दुर्मीळ आजारात अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, आणि अशा माणसांना डायबिटीस व फॅटी लिव्हर अगदी तीव्र स्वरूपात होतं. ठेवायला जागाच नसते ना!

वडिलांना पायोग्लिटाझोन १५ सुरू केल्यावर साखर उतरली, पण वजन तीन किलो वाढलं. औषध उलटं पडतंय का? — एक वाचक, डोंबिवली

औषध आपलं काम करतंय, पण पाय तपासा. पायोग्लिटाझोन पीपीएआर-गॅमा या रिसेप्टरला चेतवतं. त्यातून कातडीखाली नव्या, लहान, इन्सुलिनचं ऐकणाऱ्या चरबीपेशी तयार होतात आणि यकृतातली चरबी तिकडे सरकते. वजन वाढून साखर सुधारते ती यामुळे. पण हाच रिसेप्टर मूत्रपिंडातही आहे आणि तिथे तो मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो. म्हणून तीन किलोंपैकी चरबी किती आणि पाणी किती हे पाहायला हवं. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर पाणी आहे. सोबत जिना चढताना दम लागत असेल, रात्री दोन उशा घ्याव्या लागत असतील किंवा वजन काही दिवसांतच भराभर चढलं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. हार्ट फेल्युअर असलेल्यांना हे औषध देत नाहीत. हाडं ठिसूळ असतील तर, किंवा मूत्राशयाचा कॅन्सर पूर्वी झाला असेल तर तेही सांगा. भारतात २०१३ च्या जूनमध्ये त्याची विक्री थांबवली होती आणि जुलैअखेर इशाऱ्यांसह परत सुरू केली. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, साखर वर जाईल.

जिममधला ट्रेनर चरबी उतरवायला क्लेनब्युटेरॉल ‘दोन आठवडे घे, दोन आठवडे सोड’ म्हणतो, आणि मांड्यांसाठी योहिम्बिनच्या कॅप्सूल. घेऊ का? — एक वाचक, लालबाग

दोन्ही घेऊ नका. युक्तिवाद अर्धा खरा आहे म्हणूनच तो खपतो. क्लेनब्युटेरॉल बीटा-२ रिसेप्टरला चेतवतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो, चरबी फोडणारी एन्झाइमं कामाला लागतात. योहिम्बिन अल्फा-२ चा आवर काढतं. पण हे रिसेप्टर काही फक्त मांडीच्या चरबीत नाहीत. बीटा-२ हृदयात, रक्तवाहिन्यांत, स्नायूंत आहेत. परिणाम : हात थरथरणं, धडधड, रक्तातलं पोटॅशियम घटणं आणि त्यातून ठोक्यांची लय बिघडणं. मेच्या उकाड्यात घामाने निथळत, वरून प्री-वर्कआउटचं कॅफिन घेऊन हे औषध घेणं म्हणजे धोक्यावर धोका रचणं. शिवाय रक्तातून ते निम्मं व्हायला साधारण दीड दिवस लागतो, म्हणजे आज त्रास झाला तर उद्याही राहणार.

‘दोन आठवडे सोड’ का म्हणतात तेही ऐका. सतत चेतवलेला रिसेप्टर पेशी पृष्ठभागावरून आत ओढून घेते. थरथर थांबते आणि माणसाला वाटतं, अंगवळणी पडलं. तेव्हा परिणामही मंदावलेला असतो, म्हणून मग डोस वाढवतात. तुम्हाला दमा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या : सालब्युटामॉलचा पंप याच बीटा-२ वर चालतो. स्पर्धेत उतरत असाल तर क्लेनब्युटेरॉल उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे.

आधीच घेतलं असेल आणि छातीत धडधड थांबत नसेल, चक्कर येत असेल, तर कॅज्युअल्टीत जा आणि औषधाचं नाव न लपवता सांगा. ईसीजी आणि पोटॅशियम या दोन तपासण्यांवर पुढचं सगळं ठरतं. नाव लपवलं की डॉक्टर भलत्या वाटेने शोधत बसतात. मांडीची चरबी शेवटी निघते कारण तिथे अल्फा-२ जास्त. एकाच जागेची चरबी व्यायामाने उतरवता येत नाही, एकूण वजन उतरलं की तीही उतरते.

आई ६२ वर्षांची, सहा वर्षं इन्सुलिनवर. बेंबीशेजारी एक मऊ गोळा झालाय, दुखत नाही. हल्ली साखर कधी ३०० तर कधी ६०. — एक वाचक, ठाणे

या अंकातलं सगळ्यात लवकर सुटणारं दुखणं बहुधा हेच असेल. इन्सुलिनचा रिसेप्टर चरबीला ‘साठव’ सांगतो. रोज त्याच दोन इंचांत सुई टोचली की तिथल्या पेशींना तो हुकूम रोज, तोंडाजवळ येऊन मिळतो, आणि त्या फुगत जातात. लोकांना ती जागा आवडते कारण तिथे टोचलेलं दुखत नाही. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी अचानक जास्त. आईच्या ३०० आणि ६० चा उगम तिथे असू शकतो.

गोळे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात. आईला उताणं झोपवा, बोटं साबणाच्या पाण्यात बुडवून पोटावरून गोल गोल, हलका दाब देत फिरवा. चांगल्या जागी कातडी चिमटीत पातळ येते. गाठीवर चिमटीत जाड, रबरासारखी लागते किंवा चिमटीत येतच नाही. जिथे लागेल तिथे बॉलपेनने कड आखा. दोन्ही मांड्यांची बाहेरची बाजू आणि दंड याच पद्धतीने तपासा. आखलेल्या भागात काही महिने सुई नको, गाठ हळूहळू बसते. पोटाचे चार भाग धरून आठवड्याला एक भाग वापरा. एका टोचणीपासून पुढची बोटभर दूर घ्या आणि बेंबीभोवती चार-पाच सेंमी मोकळे सोडा. चार मिलिमीटरची सुई पुरते आणि सुई एकदाच वापरायची. बोथट सुईनेही गाठी वाढतात.

एक मोठी खबरदारी. चांगल्या जागी तेवढाच डोस टोचला तर इन्सुलिन पूर्ण शोषलं जातं आणि साखर धाडकन उतरू शकते. जागा बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्या आणि पहिले काही दिवस ग्लुकोमीटरवर जेवणाआधी, झोपताना आणि एकदा पहाटे तीनला साखर पाहा. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

साठवणीचंही पाहा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, फ्रीझरला चिकटवून नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं. वापरातलं पेन बहुतेक प्रकारांत चार आठवडे बाहेर चालतं, पण तापमान ३० अंशांच्या आत हवं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात ते नसतं. मातीच्या भांड्यात वाळू ओली करून त्यात प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं तर काही अंश कमी मिळतात. मात्र मुंबईच्या दमट हवेत हा उपाय विदर्भात चालतो तितका चालत नाही. त्यापेक्षा फ्रिजचं दार बरं.

हेल्थ पॅकेजमध्ये ‘लेप्टिन’ तपासलं, जास्त निघालं. लेप्टिनचं सप्लिमेंट मिळतं म्हणे. — एक वाचक, अंधेरी

जास्त निघालंय आणि वर आणखी घ्यायचं? लेप्टिन चरबीपेशीच बनवतात. १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. चरबी जितकी जास्त, लेप्टिन तितकं जास्त. मेंदूतले लेप्टिन रिसेप्टर मात्र तेवढ्या प्रमाणात दाद देत नाहीत. लेप्टिन मुळातच न बनणारी माणसं फार थोडी, आणि त्यांना इंजेक्शनने खरंच फरक पडतो. तोंडाने घेतलं तर ते प्रथिन आहे, पोटात पचून जाईल. पुढच्या वेळी पॅकेजमधून ही तपासणी काढायला सांगा.

टिरझेपटाइड चरबीवरच्या रिसेप्टरांवर चालतं का? वजन उतरल्यावर थांबवता येतं? — एक वाचक, मुलुंड

वजन आणि साखर उतरवणारं हे इंजेक्शन आतड्यातल्या जीआयपी आणि जीएलपी-१ या दोन संप्रेरकांच्या रिसेप्टरांना चेतवतं. पैकी जीआयपीचे रिसेप्टर चरबीपेशींवर आहेत आणि जेवणानंतर चरबी नीट साठवण्यात त्यांचा हात असतो. पण वजन उतरतं त्याचा मोठा वाटा मेंदूचा, भूक मंदावल्यामुळे. भारतात ते मार्च २०२५ मध्ये आलं. सुरुवात आठवड्यातून एकदा २.५ मिलिग्रॅमने, चार आठवड्यांनी ५, मग दर वेळी किमान चार आठवडे थांबून २.५ ने वर, कमाल १५. घाईने वर चढलेल्यांनाच उलट्यांचा त्रास जास्त होतो.

थांबवण्याबद्दल : एका मोठ्या चाचणीत ३६ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलेल्यांपैकी निम्म्यांना नकळत बिनऔषधी इंजेक्शन दिलं. पुढच्या ५२ आठवड्यांत त्यांचं वजन १४ टक्के परत चढलं. वजन उतरताना चरबीपेशी लहान होतात, संख्येने कमी होत नाहीत. त्या रिकाम्याच बसलेल्या असतात. म्हणून लग्नाआधी तीन महिन्यांसाठी हे औषध घेण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा स्नायू वगैरेंचा असतो आणि आपल्याकडे तेच मुळात कमी. मूत्रपिंड ठीक असेल तर किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य ठेवा : अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात, १०० ग्रॅम सुरमईत २० च्या आसपास. ओल्या बोंबिलात पाणीच फार, त्याला सुरमईच्या हिशोबात धरू नका. भूक नसते, म्हणून ताटात प्रथिन आधी, भात नंतर. सोबत ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागतो. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांनी सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोधही वापरावा, कारण गोळी नीट शोषली जात नाही. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर असेल तर औषध नको. पाठीत जाणारी, न थांबणारी पोटदुखी म्हणजे स्वादुपिंडाची शंका, लगेच रुग्णालय.

फक्त चरबीवरच चालेल असं औषध का निघत नाही? — बारावीचा विद्यार्थी, माटुंगा

प्रयत्न झाले, आणि ते का फसले हे पाहण्यासारखं आहे. रिमोनाबँट हे औषध सीबी-१ रिसेप्टर बंद करायचं. तो चरबीपेशीतही आहे आणि मेंदूतही. २००६ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. कंबर उतरली, ट्रायग्लिसराइड सुधारले, पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्यामुळे २००८ मध्ये ते काढून घेतलं गेलं. पुढे भारतातही बंदी आली.

दुसरा मार्ग बीटा-३ चा. हा रिसेप्टर उंदराच्या चरबीत भरभरून असतो, त्यामुळे उंदीर बारीक झाले आणि सगळे हरखले. माणसाच्या चरबीत तो बराच कमी. २००९ साली प्रौढ माणसाच्या मानेत आणि गळपट्टीच्या हाडामागे उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी असते हे पक्कं झालं, तेव्हा आशा परत वाढली. मिराबेग्रॉन हे बीटा-३ चं औषध आपल्याकडे मिळतं, पण ते सारखी लघवीला लागणाऱ्यांसाठी आणि नेहमीचा डोस २५ ते ५० मिलिग्रॅम. तपकिरी चरबी ठळकपणे चेतवायला प्रयोगांत २०० मिलिग्रॅम लागले, आणि त्या डोसला नाडी व रक्तदाब वाढले, कारण एवढ्या मात्रेत औषध हृदयातल्या बीटा-१ लाही जाऊन भिडतं.